कुरुळीची विहीर, इटलीचा समुद्र

मला पोहता येतं हे माझ्या मित्रानं परस्पर जाहीर करून टाकलं, तेव्हा मी कॅन्टीनमध्ये उसळीत पाव बुडवत होतो. समोर इटलीहून आलेला साहेब बसला होता. आमच्या खात्यात पत्रा दाबायचा नवा प्रेस बसवायला तो आला होता. अधिकाऱ्यांसाठी टेबलक्लॉथवाली वेगळी खोली होती, पण तिथली उसळ मिळमिळीत असते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून तो रोज आमच्या बाकावर येऊन बसायचा. तिखट खायचा, नाक पुसायचा आणि पुन्हा वाढून घ्यायचा. आम्हाला तो आवडायचा.

त्या दिवशी त्यानं खिशातून फोटो काढले. त्याचं घर समुद्रातल्या एका बेटावर होतं. निळं पाणी आणि त्यावर लहान लहान नावा. एका फोटोत एक माणूस पायाला लांब फळ्या बांधून चक्क पाण्यावर उभा होता आणि एक मोटारबोट त्याला दोरीनं ओढून नेत होती. दुसऱ्या फोटोत काचेचा चष्मा लावलेली बाई होती, तोंडात नळी. साहेबाचं इंग्रजी आमच्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं उत्तम जमायचं. त्यानं हातवारे करून सांगितलं, की ऑगस्टमध्ये तिकडे अख्खा कारखाना कुलूप लावून बंद करतात आणि यच्चयावत माणसं समुद्रावर जातात. प्रेसचं काम शिकायला आमच्यातला एक माणूस सहा महिने तिकडे जाणार होता आणि तो मी होतो, हे आठवड्यापूर्वीच ठरलं होतं. साहेब म्हणाला, ऑगस्टमध्ये तू माझ्या घरी यायचंस. नाव चालवायची, फळ्यांवर उभं राहायचं, चष्मा लावून मासे बघायचे. मग त्यानं दोन्ही हात पाण्यात मारल्यासारखे करून विचारलं, "स्विम?"

मी तोंडातला घास गिळेपर्यंत मित्र बोलून मोकळा. "स्विम? ही फिश! फुल फिश!"

साहेबानं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की उसळ सांडली. मला पोहता येत नाही हे त्या भरल्या बाकावर, वेल्डिंगवाल्या आणि पेंट शॉपवाल्यांच्या समोर सांगायचं माझ्या जिवावर आलं. तसा मी जन्मजात ताठ. आई म्हणायची, याला मोडता येईल पण वाकवता यायचं नाही.

सुट्टी झाल्यावर सायकल स्टँडवर मी मित्राला धरला. "तुला कुणी सांगितलं होतं रे?"

"काय?"

"मला पोहता येत नाही."

त्यानं सायकलचं कुलूप काढता काढता माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी मला चालता येत नाही असं म्हणालो होतो. "न्हाई येत? म्हंजी काय? पोहता येत न्हाई असा माणूस असतो व्हय, राव?"

तो कुरुळीचा. चाकणच्या रस्त्याला, इंद्रायणीच्या पलीकडं त्याचं गाव. गावातून कारखान्यात लागलेल्या पहिल्या काही पोरांपैकी तो एक. त्यांच्याकडं नदी, ओढे, आणि प्रत्येक मळ्यात विहीर. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्याकडची वासरंसुद्धा उपजत पोहायची.

"आमच्याकडं पाणीच नाही," मी म्हणालो. "मराठवाडा आहे तो."

हे खरं होतं, पण अर्धंच. आमच्या गावात पाणी कमी होतं, आणि जे होतं ते आमचं नव्हतं. गावच्या विहिरीवर माझी आई कळशी घेऊन लांब उभी राहायची. कुणाला दया आली, किंवा कुणाचं स्वतःचं भरून झालं, की वरून धार धरायचे. कधी तासाभरात, कधी दुपार कलल्यावर. त्या विहिरीत उतरायचं तर सोडाच, मी तिच्यात कधी वाकून पाहिलंही नव्हतं. मित्राला हे माहीत नव्हतं असं नाही. माझं आडनाव त्याला ठाऊक होतं, चौदा एप्रिलला मी रजा टाकतो हे ठाऊक होतं. आम्ही दोघं एका ताटात जेवत होतो, पण या विषयावर कधी बोललो नव्हतो. तो सायकलवर टांग टाकत म्हणाला, "गुरुवारी ये. आमच्या विहिरीवर. आबा शिकिवतील. आमाला सगळ्यांना त्यांनीच शिकिवलं."

आबा म्हणजे त्याचे वडील.

गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी. त्याआधीच्या दिवसांत मी डबा तयार केला. पोहायला शिकताना पाठीला हवाबंद डबा बांधतात, म्हणजे माणूस वर राहतो. कुणी भोपळा बांधतं, कुणी मोटारीची ट्यूब. मी टूलरूमचा माणूस. नुसता तेलाचा डबा घेऊन त्याला दोरी गुंडाळणं माझ्या हातून होणं शक्य नव्हतं. मी आधी कागदावर चित्र काढलं. पाठीला टोचू नये म्हणून डब्याची एक बाजू ठोकून आत घेतली, झाकणाला डाग दिला, दोरीसाठी दोन्हीकडं कड्या बसवल्या आणि मशीनच्या थंड पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडा येतो का ते तपासलं. एकही बुडबुडा आला नाही. आमच्या फोरमननं तो हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, हा कुठल्या मशीनचा पार्ट? मी म्हणालो, माझाच.

घरी आईनं तो पाहिला आणि तिला वाटलं रॉकेलसाठी आणलाय. आम्ही तेव्हा पिंपरीला पत्र्याच्या खोलीत राहायचो. वडील वारले होते, माझं लग्न व्हायचं होतं. वस्तीच्या टोकाला सार्वजनिक नळ होता आणि तो नळ म्हणजे माझ्या आईचं राज्य. पाणी यायच्या आधी ती तिथं हजर असायची. नंबर म्हणजे नंबर. मुकादमाची बायको असो नाहीतर किराणावाल्याची, मध्ये कुणी हंडा घुसवला की आई तो उचलून मागं ठेवायची. भांडणात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरात प्रत्येक भांडं भरलेलं असायचं. वाटीसुद्धा. पाहुणा आला आणि त्याला चहा द्यायचा झाला की आधी कप रिकामा करावा लागायचा.

"पोहायला?" तिनं विचारलं. "पानी काय खेळायची चीज हाय का बाबा? पानी प्यायला असतंय."

मी डबा सायकलला बांधला आणि निघालो.

भोसरी मागं पडली की तेव्हा दोन्ही बाजूंना शेतंच होती. मोशी, मग नदीचा पूल, मग चढ. मित्र फाट्यावर उभा होता. विहीर मळ्यात, एका मोठ्या चिंचेखाली. दगडी बांधणी, एका अंगानं आत उतरत गेलेल्या पायऱ्या. मोट कधीच बंद झाली होती, तिच्या बैलांनी चालायची उतरती धाव तेवढी उरली होती आणि शेजारी इंजिनाची झोपडी. आबा वरच्या पायरीवर बसले होते. डोक्याला मुंडासं, अंगात बंडी, मांडीवर दोरखंड. त्यांनी मला पाहिलं नाही, आधी डबा पाहिला. हातात घेतला, ठोकून वाजवला, कड्या ओढून बघितल्या.

"कुनी केला?"

"मीच."

"झ्याक हाय," ते म्हणाले. "मानूसबी असाच घट निघाला म्हंजी झालं."

त्यांनी स्वतःच्या हातानं डबा माझ्या पाठीला बांधला, कमरेला दोरखंड बांधला आणि म्हणाले, "उतर." पाण्याखालच्या पहिल्याच पायरीला पाणी घोट्याला लागलं. मी थांबलो. थांबलो म्हणजे आधी वर पाहिलं, मग बाजूला, मग झाडामागं. कोण बघतंय का. ही माझ्या अंगात आईच्या दुधाबरोबर आलेली सवय होती. कुणीच बघत नव्हतं. मित्र चिंचा पाडत होता. आबांनी मागून माझ्या पाठीवर पाय दिला आणि मी पाण्यात.

नाकातोंडात पाणी गेलं, कान बंद झाले, आणि मग डब्यानं मला वर आणलं. आबा काठानं दोरी धरून चालत होते, बाजारातून आणलेलं वासरू घरी न्यावं तसे. "पाय झाड! पाय! आरं सायकल काय चालवतोस? कंपनीला उशीर झालाय का तुला?"

पाण्यात माझे पाय खरंच पेडल मारायचे. रोज पिंपरीच्या रस्त्यांवर तेच करून त्यांना दुसरं काही येत नव्हतं. दर गुरुवारी मी जायचो आणि दर गुरुवारी आबा तेच ओरडायचे. मग हळूहळू पाय सुटे झाले. हात कसे ओढायचे, मान कशी वर धरायची, दमल्यावर उताणं कसं पडायचं. उताणं पडलं की वर चिंचेची पानं दिसायची आणि विहिरीचं गोल आभाळ. पाणी गार, पाठीखाली डबा. बायका म्हणतात माहेरी झोप लागते, तशी काहीतरी झोप मला त्या पाण्यावर यायची. मला ते फार आवडायला लागलं. कामावर असतानासुद्धा मी गुरुवारची वाट बघायचो. आबा दोरी सैल सोडत गेले, मग दोरी काढून टाकली. पोहून झालं की मित्र घरून भाकरी, कांदा आणि खरडा घेऊन यायचा आणि आम्ही तिघं धावेवर बसून खायचो. आबा त्यांच्या हातानं माझ्या भाकरीवर खरडा वाढायचे.

त्यांना माहीत नव्हतं. मित्रानं घरी एवढंच सांगितलं होतं, की कंपनीतला दोस्त आहे, मराठवाड्याचा, फॉरीनला चाललाय. आबांनी कधी खोदून विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. मला लपवायचं नव्हतं. पण न विचारता स्वतःहून सांगावं, असं तरी का?

माझं जायचं जवळ आलं तेव्हा एका गुरुवारी आबा म्हणाले, "आज डबा काढायचा."

मला वाटलं, सोडतील डब्याची दोरी नि ढकलतील. पण आबांनी बंडीच्या खिशातून हळदकुंकवाची पुडी काढली, शेजारी नारळ ठेवलेला होता. पायऱ्या पाण्यात शिरतात तिथं कोनाड्यात सात दगड होते, शेंदूर माखलेले. मी ते दर गुरुवारी बघत होतो. साती आसरा. विहिरीतल्या पाण्यावर त्यांची सत्ता. त्या घराची रीत अशी, की ज्या दिवशी डबा निघतो त्या दिवशी पोहणाऱ्यानं आसरांना नारळ फोडायचा आणि मगच मोकळ्या अंगानं पाण्यात उतरायचं. न फोडता उतरला त्याला आसरा पायाला धरून खाली ओढतात. मित्रानं फोडला होता, त्याच्या भावांनी फोडला होता. खुद्द आबांनी फोडला होता.

"धर," आबांनी नारळ पुढं केला.

मी हात पुढं केला नाही.

वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो. आमच्या झोपडीत देवांचे जे चार टाक होते ते त्यांनी स्वतः उचलून नदीत सोडले, त्यांच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांची भीती सोडली. मला म्हणाले होते, यापुढं कुणापुढं नारळ फोडायचा नाही, कुणाच्या पाया पडायचं नाही. वडिलांनी मला जमीन ठेवली नाही, घर ठेवलं नाही. हे तेवढं ठेवलं होतं.

"आबा, मी नाही फोडणार."

"का रं? भ्या वाटतंय?"

"आमच्या घरात देव नाहीत. आम्ही बौद्ध आहोत."

आबांनी नारळ खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग विहिरीतल्या पाण्याकडं, मग त्यांच्या मुलाकडं. मित्र मातीत काडीनं रेघा ओढायला लागला.

"म्हंजी तुमी..." आबा म्हणाले, आणि थांबले.

"हो."

मित्र एकदम उठला. "आबा, मी फोडतो की त्याच्या वतीनं. तू नुस्ता हात लाव रं. नुस्ता हात लाव, झालं."

"हात लावायचा असता तर फोडलाच असता," मी म्हणालो. माझा आवाज चढला. खरं तर त्या बिचाऱ्यावर चढायचं काही कारण नव्हतं.

आबांनी नारळ उचलून कोनाड्यापाशी सारला. मग म्हणाले, "नारळ न्हाई तर डबा निघायचा न्हाई. ही माजी हीर हाय. काय झालं तर आसरांना काय सांगू मी?" ते चल नीघ म्हणाले नाहीत. डब्यासकट पोह असंही म्हणाले. पण माझं डोकं फिरलं होतं. मी पाठीची दोरी सोडली, कपडे चढवले आणि डबा सायकलला अडकवून निघालो. रिकामा डबा पिंपरीपर्यंत कॅरियरवर वाजत आला. भोसरीला एका चहावाल्यानं हाक मारून विचारलं, काय विकताय?

मला तेव्हा खात्री होती की नारळ हे निमित्त होतं. आज तेवढी खात्री नाही. म्हातारा आसरांना भ्याला की मला विटला, हे बहुधा त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दोन्ही असेल. माणसाच्या पोटात दोन्ही एकदम राहू शकतं, हे मला पुढं वय वाढल्यावर कळलं.

आईला मी सांगितलं. वाटलं होतं, ती चिडेल, निदान विहिरीवाल्याच्या नावानं बोटं मोडेल. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. "मंग कशाला जायचं दुसऱ्याच्या पान्यात?" एवढंच म्हणाली.

मित्र आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, मी त्याच्याशी. कॅन्टीनमध्ये साहेब मध्ये बसायचा आणि दोन्हीकडं बघून खांदे उडवायचा. निघायच्या आदल्या दिवशी मित्र माझ्या मशीनपाशी आला आणि पुसायच्या कापडाशी चाळा करत उभा राहिला.

"आबांनी फोडला," तो म्हणाला.

"काय?"

"नारळ. तुज्या नावानं. परवाच्याला. मी तितंच हुतो. आसरांना म्हनले, ह्या पोराला देवबिव काय न्हाई, पर पोरगं वंगाळ न्हाई. लांबच्या पान्यात चाललंय, तितं तुमची कुनी बहीनबिहीन असंल तर तिला सांगून ठेवा."

मला राग आला. माझ्या नावानं फोडायचा यांना कुणी अधिकार दिला? आणि त्याच वेळी मी त्याच्या हातातलं कापड ओढून घेतलं आणि पुसलेलंच मशीन पुन्हा पुसायला लागलो. मी म्हणालो, "जा, तुझं मशीन बंद पडलंय." त्याचं मशीन बंद पडलेलं नव्हतं. तो हसला, मीही हसलो, आणि दुसऱ्या दिवशी मला सोडायला तो पुणे स्टेशनपर्यंत आला. पण बिनडब्याचं पोहणं राहिलं ते राहिलंच.

इटलीतल्या कामाबद्दल इथं लिहीत नाही. माणसं चांगली, मशीनं चांगली, जेवण अळणी. ऑगस्ट आला आणि साहेबानं सांगितलं तसंच झालं. कारखान्याच्या फाटकाला कुलूप. इकडे आमच्याकडं मशीन दहा मिनिटं थांबलं तर फोरमन धावत येतो, तिकडे महिनाभर सगळं गप्प, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. साहेब मला आगगाडीनं, मग जहाजानं त्याच्या बेटावर घेऊन गेला. जहाजावर मी पूर्ण वेळ कठड्याला धरून उभा होतो. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. मुंबईचा समुद्र पाहिला होता, पण तो मातकट. हा तळ दाखवत होता.

किनाऱ्यावर माणसंच माणसं. बाया, पुरुष, पोरं, म्हाताऱ्या. अंगाला तेल चोपडून सगळी उन्हात पालथी पडलेली. साहेबाला विचारलं, हे काय? तर म्हणाला, रंग सावळा व्हायला. त्याच्या बायकोनं माझ्या दंडाशी स्वतःचा दंड लावून पाहिला आणि म्हणाली, तू नशीबवान, तुला आयता मिळालाय. माझ्या रंगाचा हेवा करणारं माणूस मला त्यापूर्वी भेटलं नव्हतं. मी खूप वेळ हसत होतो आणि ते दोघं मला हसू का येतंय ते विचारत होते. सांगणार काय, आणि कुठल्या इंग्रजीत?

साहेबानं शब्द पाळला. पहिल्या दिवशी त्यानं मला पाण्यावर उभं राहायच्या फळ्या बांधल्या. तिथल्या उथळ पाण्यातच, आणि कमरेला बुचाचा पट्टा होता, म्हणून मी तयार झालो. मोटारबोटीनं हिसका दिला आणि मी असा तोंडावर आपटलो की दोन दिवस नाकातून मीठ येत होतं. तीनदा आपटलो, चौथ्यांदा फळ्या सोडून दिल्या. चष्मा आणि नळी मात्र मला जमली. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून नुसतं डोकं खाली घालायचं. खाली मासे, शेवाळ, दगडांवर काटेरी काळे गोळे. मी ते तासन्‌तास बघत बसायचो. साहेबाची मुलं मला हाका मारून दमायची.

आणि पेडलची नाव. दोन लांब पोकळ पिंप, त्यावर बाकडं, समोर सायकलसारखी पेडलं. मागं चाक फिरतं आणि नाव पुढं जाते. माझे पाय अखेर त्यांच्या लायकीच्या जागी आले. मी असं पेडल मारलं की शेजारी बसलेला साहेब ओरडायला लागला, हळू, हळू. किनारा लांब राहिला. माणसं तिळाएवढी दिसायला लागली. तिथं साहेबानं नाव थांबवली, उभा राहिला आणि सरळ पाण्यात सूर मारला. वर आला, केस मागं सारले आणि म्हणाला, "ये! फिश! ये!"

मी बाकड्यावर बसून होतो. कमरेला पट्टा नव्हता, पाठीला काही नव्हतं. खाली तळ दिसत होता, पण तो दिसतो तेवढा जवळ नसतो हे मला एव्हाना कळलं होतं. खरं सांगून टाकावं, असं वाटलं. म्हणावं, मी फिश नाही, मित्र खोटं बोलला. साहेबानं काही मनाला लावून घेतलं नसतं. आपण नाव फिरवली असती, किनाऱ्यावर जाऊन गार कलिंगड खाल्लं असतं.

मी उठलो आणि सवयीनं बाजूला पाहिलं. मग मागं पाहिलं. चारी दिशांना पाणी. कोण बघणार होतं? कुणाची परवानगी, कुणाचा नारळ, कुणाचं भरून झालं की धार? मला एकदम हसू आलं. गुडघे पोटाशी घेतले आणि मुटका मारला.

खाली गेलो. खूप खाली गेलो असं वाटलं, तसा गेलो नसेन. डोळे उघडे होते, सगळं हिरवं दिसलं. मग पाण्यानंच मला वर ढकललं. खारं पाणी माणसाला उचलून धरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डोकं बाहेर आलं, श्वास घेतला आणि हात चालायला लागले. पाय झाडले, दोन्ही, नीट, सायकल न चालवता. साहेबाला वळसा घालून मी नावेपर्यंत आलो, नावेला हात लावला आणि पुन्हा सुटलो. मी उताणा पडलो. वर आभाळ होतं आणि त्याला काठ नव्हता. मला इतका आनंद झाला की मी मराठीत ओरडत सुटलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण साहेब नंतर त्यातला एक शब्द जेवताना सगळ्यांना म्हणून दाखवायचा आणि तो चारचौघांत म्हणण्यासारखा नव्हता.

परत आल्यावर पुढं कुरुळीलाही गेलो. आबा पायरीवर बसून होते, मी बिनडब्याचा विहिरीत उतरलो, त्यांनी अडवलं नाही. तिकडच्या पान्यात आसरा असत्यात का, असं त्यांनी विचारलं, आणि मी म्हणालो, असतील, पण त्या उन्हात तेल लावून पडलेल्या होत्या. आबांना ते पटलं नाही.

पण त्याआधी, घरी पोचलो त्या दिवशीची गोष्ट. दुपार होती. खोलीत सगळी भांडी काठोकाठ भरलेली होती आणि आईनं चहासाठी कप रिकामा केला. मी तिला साहेबाच्या बायकोनं दिलेली शाल दिली, ती तिनं लगेच पेटीत ठेवली. मग तिनं सगळं विचारलं. विमानात पोटात कालवतं का. त्यांच्यात जेवायला काय करतात. साहेबाची आई आहे का, ती कुणापाशी राहते. मी समुद्राचं सांगितलं. फळ्यांवरून आपटलो ते सांगितलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. मासे, चष्मा, पेडलची नाव. आणि मग मी तिला सांगितलं, की मी उडी मारली, पोहलो. बायाबापड्या, पोरंसोरं, म्हातारी माणसं, सगळी एकाच पाण्यात होती आणि मी त्यांच्यात होतो.

ती पाण्याच्या हंड्यावरचं झाकण सारखं करत होती. तिचा हात थांबला.

"तू पान्यात उतरलास तवा," तिनं विचारलं, "कुनी कायी म्हनलं न्हाई?"

"नाही."

"कुनी भायेर निघून गेलं न्हाई?"

"नाही, आई. कुणीच नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी खोटं बोलत असलो तर तिला लगेच कळायचं. मग तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, मी लहान असताना फिरवायची तसा.

"मंग इतक्या लवकर कामून आलास लेकरा भायेर?" ती म्हणाली. "आजून थोडं थांबायचं व्हतंस की पान्यात."